मोजणीबाहेरचा प्रेक्षक

1984 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला मामांकडे गेले होते. वय वर्षं चौदा. वाड्यात टीव्ही एकच, तो पुढच्या खोलीतल्या बिऱ्हाडाकडे. ‘हम लोग’ची वेळ झाली की वाड्यातली पंधरा-वीस माणसं त्यांच्या दारात चपला काढून आत जाऊन बसत. बसेसर राम, बडकी, मझली, नन्हे हे आमच्याच नात्यातले असावेत अशा आवाजात मामी त्यांच्यावर चिडायची. शेवटी अशोककुमार येऊन दोन समजुतीचे शब्द सांगायचे आणि मंडळी उठायची.

ही मालिका आपल्याकडे मेक्सिकोतून आली हे मला कळायला पुढं बरीच वर्षं लागली. मालिका म्हणजे तिची कल्पना. वसंतराव साठे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री असताना 1982 मध्ये मेक्सिकोला गेले होते. तिथल्या तेलेव्हिसा या कंपनीत मिगेल साबिदो नावाचा माणूस रोजच्या कौटुंबिक मालिकांतून साक्षरता, कुटुंबनियोजन असे विषय लोकांच्या गळी उतरवत होता. 1975 ची ‘वेन कोन्मिगो’, म्हणजे ‘चल माझ्यासोबत’, ही त्याची प्रौढ साक्षरतेवरची मालिका. त्या नमुन्यावर मनोहर श्याम जोशी यांनी ‘हम लोग’ लिहिली. तेव्हा वाड्यात बसून आम्ही जे पाहत होतो त्याचं आजोळ मेक्सिको होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. इतिहासाचं किंवा माध्यमांचं रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. स्पॅनिश शिकले तीसुद्धा एका जुन्या पाठ्यपुस्तकावरून, आणि पुढं घरात ओटीटी आल्यावर पडद्याखालची वाक्यं थांबवून थांबवून. साबिदोच्या मागं लागून मी मेक्सिकोच्या मालिकांकडे गेले, त्या मालिकांबरोबर सरहद्द ओलांडून अमेरिकेत पोचले आणि तिथंच अडकले. एका देशातले कोट्यवधी प्रेक्षक शंभर वर्षं पडद्यासमोर बसून आहेत. तरी दर पंधरा-वीस वर्षांनी कुणीतरी त्यांना नव्यानं शोधून काढतं. असं का होतं, हा माझा प्रश्न होता.

सुरुवात बोलपटापासून करते. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती, मधल्या पाट्या बदलल्या की काम भागायचं. बोलपट आल्यावर हॉलिवूडला लॅटिन अमेरिकेची बाजारपेठ हातातून जाण्याची भीती वाटू लागली. मग तोच चित्रपट स्पॅनिशमध्ये पुन्हा चित्रित करण्याची टूम निघाली. (आपल्याकडे ‘प्रभात’नं 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित केला तो याच काळात.) यातला सगळ्यांत प्रसिद्ध नमुना म्हणजे युनिव्हर्सलचा ‘ड्रॅक्युला’. 1930 मध्ये दिवसा बेला लुगोसीचा इंग्रजी चित्रपट चित्रित व्हायचा. संध्याकाळी ती मंडळी घरी गेली की त्याच सेटवर स्पॅनिश संच कामाला लागायचा आणि पहाटेपर्यंत चालायचा. दिग्दर्शक जॉर्ज मेलफोर्ड यांना स्पॅनिश येत नव्हतं. काउंट झालेले कार्लोस व्हियारियास स्पेनचे, नायिका लुपिता तोव्हार मेक्सिकोची, नायक बॅरी नॉर्टन अर्जेंटिनाचा. एकाच दिवाणखान्यात तीन देशांचे उच्चार. हॉलिवूडच्या लेखी ते सगळं ‘स्पॅनिश’. ज्यांच्यासाठी चित्रपट काढले त्या प्रेक्षकांना मात्र ही भेळ खटकायची आणि या स्पॅनिश आवृत्त्यांबद्दल तशा तक्रारी त्या काळी सतत होत. आज कॅमेऱ्याच्या हालचालींसाठी अनेक जाणकार या रात्रपाळीच्या ‘ड्रॅक्युला’ला दिवसपाळीच्या चित्रपटापेक्षा वरचं स्थान देतात. पुढं डबिंग आणि उपशीर्षकं स्वस्त पडू लागली आणि ही पद्धत काही वर्षांतच बंद झाली.

टीव्हीचं प्रकरण जास्त बोलकं आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात राऊल कोर्तेस यांनी 1946 मध्ये स्पॅनिश रेडिओ केंद्र सुरू केलं होतं. 1955 मध्ये त्यांनी टीव्ही केंद्र काढलं आणि त्याला क्रमांक मिळाला 41. या क्रमांकातच सगळी गोष्ट आहे. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन टीव्ही संचांच्या खटक्यावर 2 ते 13 एवढेच आकडे असत. 14 च्या पुढची केंद्रं यूएचएफ लहरींवर. ती पाहायची तर वेगळा कन्व्हर्टर डबा विकत आणून संचाला जोडावा लागे आणि वर निराळा अँटेना लावावा लागे. मोठ्या इंग्रजी वाहिन्या तेराच्या आत आणि स्पॅनिश वाहिनी खटका जिथं पोचत नाही तिथं. लॉस एंजेलिसचं स्पॅनिश केंद्र 1962 मध्ये सुरू झालं, त्याचा क्रमांक 34. सगळ्या क्रमांकांची सोय प्रत्येक नव्या संचात असलीच पाहिजे असा कायदा त्याच वर्षी झाला, पण तो अमलात आला 1964 मध्ये. त्याआधी स्पॅनिश पाहणारं प्रत्येक घर म्हणजे पदरचे पैसे घालून डबा आणलेलं घर. ज्यांच्याबद्दल ‘यांची खरेदीची ऐपत नाही’ असं जाहिरात कंपन्या म्हणत होत्या, ते लोक आपल्या भाषेसाठी डबा विकत घेत होते.

सॅन अँटोनियोचं केंद्र 1961 मध्ये विकलं गेलं. घेणाऱ्यांत मेक्सिकोचे दूरचित्रवाणीसम्राट एमिलिओ आस्काररागा व्हिदाउर्रेता होते. त्यातून स्पॅनिश इंटरनॅशनल नेटवर्क उभं राहिलं आणि मेक्सिकोत तयार झालेल्या मालिकांना उत्तरेकडचं दार मिळालं. आस्काररागा कुटुंबाचीच कंपनी पुढं तेलेव्हिसा झाली, म्हणजे ‘हम लोग’चं आजोळ ते हेच. परदेशी मालकीच्या वादावरून 1986 मध्ये सरकारी यंत्रणेनं या मंडळींचे परवाने अडचणीत आणले, केंद्रं हॉलमार्क या शुभेच्छापत्रांच्या कंपनीनं घेतली आणि 1987 मध्ये नेटवर्कचं नाव युनिव्हिजन झालं. त्याच वर्षी टेलेमुंडो ही दुसरी वाहिनी उभी राहिली. मालकांच्या अदलाबदलीचा हा इतिहास कंटाळवाणा आहे, म्हणून तो इथंच सोडते.

मला रस वाटला तो मोजणीत. वाहिनी जाहिरातीवर चालते, जाहिरात प्रेक्षकसंख्येवर मिळते आणि संख्येसाठी आधी ‘कोण मोजायचं’ हे ठरावं लागतं. अमेरिकेच्या जनगणनेत हा गट नव्हताच. 1970 मध्ये पहिल्यांदा, तेही फक्त पाच टक्के घरांना गेलेल्या लांब फॉर्ममध्ये, ‘मूळ कुठलं’ असा प्रश्न आला. पर्याय होते मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्यूबन, मध्य किंवा दक्षिण अमेरिकन, इतर स्पॅनिश. ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिकन’ वाचून अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागात राहणाऱ्या कितीतरी इंग्रजीभाषक गोऱ्यांनी त्यावर खूण केली. ते वाचून मी एकटीच हसत बसले होते. मग 1980 मध्ये सगळ्या देशाला हा प्रश्न विचारला गेला आणि 1 कोटी 46 लाखांचा आकडा आला. समाजशास्त्रज्ञ जी. क्रिस्टिना मोरा यांनी आपल्या पुस्तकात दाखवलंय, की ‘हिस्पॅनिक’ हा गट तीन बाजूंनी मिळून घडवला: हक्क मागणाऱ्या संघटना, जनगणना कार्यालय आणि स्पॅनिश वाहिनी. वाहिनीनं 1980 मध्ये प्रेक्षकांना फॉर्म भरण्याचं आवाहन केलं. तिला राष्ट्रीय प्रेक्षक दाखवायचा होता. टेक्सासमधला मेक्सिकन, मायामीतला क्यूबन आणि न्यू यॉर्कमधला पोर्तो रिकन यांचं एकमेकांशी जमतंच असं नव्हतं. एका रकान्यात मात्र ते एकत्र आले.

रकान्याची ताकद मला पुस्तकांच्या आधी माहीत होती. 2011 च्या जनगणनेत मी प्रगणक होते. फेब्रुवारीचा महिना, आमच्या भागात ऊसतोडणी जोरात. फडाजवळच्या पालांवर गेले. एका लमाण बाईला मातृभाषा विचारली, तर तिच्या आधी नवराच म्हणाला, “मराठी लिवा बाई, पोरं शाळंत जात्यात.” बाई चुलीपुढून म्हणाली, “माझी लमाणी लिवा.” मी तिच्या ओळीत लमाणी लिहिलं, त्याच्या ओळीत मराठी. नंतर छापील तक्ते पाहिले तेव्हा कळलं की लमाणी हिंदीच्या गटात धरली जाते. तक्त्यात आत जाऊन शोधलं तर ती सापडते, पण वरवर पाहणाऱ्याला त्या बाईची भाषा हिंदीच दिसणार. तेव्हापासून कुठलाही आकडा पाहिला की त्याच्या पोटात कोण कोण आहे हे मी आधी बघते.

टीव्हीच्या मोजणीतही तेच झालं. नीलसन कंपनी निवडक घरांतून प्रेक्षकसंख्या काढते. घरात स्पॅनिश बोलणारी कुटुंबं त्या नमुन्यात पुरेशी नसतात, अशी स्पॅनिश वाहिन्यांची कायमची तक्रार होती. अखेर युनिव्हिजन आणि टेलेमुंडोनं स्वतः पैसे मोजले आणि 1992 मध्ये हिस्पॅनिक घरांची वेगळी राष्ट्रीय मोजणी सुरू झाली. आपल्या प्रेक्षकांची नोंद व्हावी म्हणून वाहिन्यांनी भरलेली फी म्हणजे मला त्या कन्व्हर्टर डब्याचीच पुढची आवृत्ती वाटते.

ही झाली स्पॅनिश वाहिन्यांची बाजू. इंग्रजी पडद्यावर हे लोक कसे दिसत होते? ‘आय लव्ह लूसी’मध्ये ल्युसिल बॉलचा खराखुरा क्यूबन नवरा देसी आर्नास तिचा नवरा म्हणून चालणार नाही, असं वाहिनीला वाटत होतं. दोघांनी 1950 मध्ये गावोगाव रंगमंचावर प्रयोग करून प्रेक्षक हसतात हे दाखवलं. 1951 मध्ये मालिका आली आणि ती अमेरिकेनं डोक्यावर घेतली. एवढा मोठा धडा मिळूनही तो कुणी गिरवला नाही. पुढची कित्येक वर्षं डाकू, मोलकरीण, टोळीवाला याच भूमिका. माझ्या मते खरा वेगळा प्रयत्न मायामीच्या सार्वजनिक केंद्राचा. ‘के पासा, यूएसए?’ या 1977 ते 1980 मधल्या मालिकेत क्यूबाहून आलेलं पेन्या कुटुंब आहे. आजी-आजोबा स्पॅनिश बोलतात, नातवंडं इंग्रजी आणि आईबाप दोन्हींच्या मध्ये लोंबकळतात. खाली उपशीर्षकं नाहीत. ज्याला एकच भाषा येते त्याचे अर्धे विनोद हुकतात, आणि मालिकेला त्याची फिकीर नाही. मुंबईतल्या कुठल्याही गुजराती किंवा कानडी घराला हे ओळखीचं वाटेल. एकूण भाग 39.

मधला एक टप्पा आपल्या वाचकांना ठाऊक आहे, पण वेगळ्या नावानं. फर्नांदो गायतान यांची ‘यो सोय बेत्ती, ला फेआ’ ही 1999 ची कोलंबियन मालिका. जाड चष्मा, दातांना तारा आणि तल्लख डोकं असलेली ही बेत्ती सोनी वाहिनीवर 2003 मध्ये ‘जस्सी जैसी कोई नहीं’ होऊन आली. अमेरिकेत ती इंग्रजीत यायला 2006 उजाडलं, ‘अग्ली बेट्टी’ म्हणून. म्हणजे बोगोटाहून मुंबईला पोचायला तिला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ शेजारच्या न्यू यॉर्कला इंग्रजीतून पोचायला लागला. तिथल्या स्पॅनिश घरांनी तर ती टेलेमुंडोवर आधीच पाहून संपवली होती.

मग ओटीटी आलं. त्याचं आश्वासन मोठं होतं. इथं 41 क्रमांक नाही, रात्री आठची वेळ नाही, जाहिरातदार नाही. नेटफ्लिक्सनं 2015 मध्ये मेक्सिकोतली ‘क्लब दे कुएर्व्होस’ ही आपली पहिली स्पॅनिश मालिका आणली. त्याच महिन्यात ‘नार्कोस’ आली आणि जगभर गाजली. तिच्यात कोलंबियाच्या पाब्लो एस्कोबारचं काम केलं ब्राझीलच्या वाग्नेर मौरा यांनी. त्यांची मायबोली पोर्तुगीज, स्पॅनिश ते या भूमिकेसाठी शिकले. कोलंबियन प्रेक्षक त्या उच्चारांना हसले. रात्रपाळीच्या ‘ड्रॅक्युला’ला तोवर पंच्याऐंशी वर्षं होत आली होती.

2017 च्या जानेवारीत ‘वन डे अ‍ॅट अ टाइम’ आली. नॉर्मन लीअर यांच्या 1975 च्या जुन्या मालिकेचा हा नवा अवतार, ग्लोरिया काल्देरोन केलेट आणि माइक रॉइस यांनी घडवलेला. लॉस एंजेलिसमधलं क्यूबन कुटुंब: सैन्यातून परतलेली परिचारिका पेनेलोपे, तिची दोन मुलं आणि पडद्याआडून नर्तकीच्या थाटात प्रवेश करणारी आजी लिडिया. आजीचं काम रिटा मोरेनो यांनी केलंय, वयाच्या पंच्याऐंशीच्या आसपास. पहिला सीझन मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याकडे सरकत जातो आणि त्या सोहळ्यात वडील तिला नाचाच्या जागी एकटी सोडून निघून जातात. तेव्हा आई उठते. मग आजी, मग भाऊ. मी तो प्रसंग शाळेच्या सुट्टीत दुपारी पाहिला आणि संध्याकाळी पुन्हा पाहिला. मालिका चांगली होती, हे इथं स्वच्छ सांगून ठेवते, कारण पुढचा हिशेब त्याशिवाय कळणार नाही.

तीन सीझननंतर, 14 मार्च 2019 रोजी, नेटफ्लिक्सनं ती बंद केली. कारण दिलं की पुढचा सीझन काढण्याइतके लोक ती पाहत नाहीत. ज्यांना या मालिकेत आपण दिसलो त्यांनी आपली गोष्ट महत्त्वाची नाही असं समजू नये, अशी पुस्तीही जोडली. किती लोकांनी पाहिली असती तर ‘पुरेसे’ झाले असते? तो आकडा सांगितला नाही. किती जणांनी पाहिली, तेही नाही. 1992 मध्ये निदान तक्रार करायला एक तिऱ्हाईत मोजणारा होता. आता दुकान त्यांचं, तराजू त्यांचा आणि वजनंही गल्ल्याच्या आत. प्रेक्षकांनी ओरड केल्यावर जूनमध्ये पॉप नावाच्या केबल वाहिनीनं ती उचलली. भविष्यातल्या माध्यमानं टाकलेली मालिका जुन्या माध्यमाच्या ओसरीला आली. चौथ्या सीझनच्या चित्रीकरणावर कोविड आला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये सगळं संपलं. ‘जेंटेफाइड’ या लॉस एंजेलिसमधल्या टाको दुकानाच्या मालिकेला दोनच सीझन मिळाले. एचबीओ मॅक्सवरच्या ‘गोर्डिता क्रॉनिकल्स’ला एकच.

या बंद पडण्यांशेजारी काही आकडे ठेवते. 2020 च्या जनगणनेत हिस्पॅनिक 6 कोटी 21 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या 18.7 टक्के. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासात 2007 ते 2019 मधले सर्वाधिक चाललेले 1300 चित्रपट तपासले, त्यात संवाद असलेल्या पात्रांपैकी हिस्पॅनिक पाच टक्के. अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2021 च्या अहवालात माध्यम-उद्योगातल्या नोकरदारांपैकी ते 12 टक्के, इतर उद्योगांत 18. आणि 2022 च्या जुलैत, नीलसनच्या मोजणीनुसार, अमेरिकेत टीव्हीसमोरच्या वेळेपैकी ओटीटीचा वाटा 34.8 टक्के होता, तर हिस्पॅनिक प्रेक्षकांत तो 44 च्या आसपास. म्हणजे या माध्यमाकडे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वळलेल्यांत हे लोक आहेत. ‘हे पाहत नाहीत’ हे कारण तरी या आकड्यांपुढं टिकत नाही. त्यांनी नेमकी हीच मालिका पाहिली की नाही, हा वेगळा प्रश्न, आणि ती वही आपल्याला दाखवलेली नाही.

‘रोमा’ची हकिगत सांगायलाच हवी. आल्फोन्सो क्वारोन यांचा 2018 चा हा मेक्सिकन चित्रपट स्पेनमध्ये दाखवताना नेटफ्लिक्सनं खाली उपशीर्षकं दिली ती स्पॅनिशमध्येच. स्पॅनिशचा स्पॅनिश अनुवाद! पडद्यावरचं ‘ममा’ खाली ‘माद्रे’ झालं. ‘गान्सितो’ हा मेक्सिकोतल्या मुलांचा आवडता भरलेला केक, तो खाली ‘गांचितोस’ म्हणजे चीजचे कुरकुरे झाला. वऱ्हाडी बोलीतल्या सिनेमाखाली सदाशिवपेठी मराठीत ओळी द्याव्यात तसला हा उद्योग. क्वारोन संतापले, आणि जानेवारी 2019 मध्ये त्या ओळी काढल्या. पण याच चित्रपटात नायिका क्लेओ आपल्या मैत्रिणीशी मिश्तेक या आदिवासी भाषेत बोलते. त्या भाषेला तर उपशीर्षकं लागणारच. क्लेओ झालेल्या यालित्सा आपारिसिओ या मूळच्या शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थिनी, अभिनयाचा अनुभव शून्य. त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा मेक्सिकोच्याच काही नटांनी नाकं मुरडली. स्पॅनिशभाषक जगाच्या आतही गोरेपणाची उतरंड आहे, आणि टेलेनोव्हेलांनी ती वर्षानुवर्षं पोसली: मालकीण गोरी, मोलकरीण सावळी. 2021 मध्ये ‘इन द हाइट्स’ आला तेव्हा न्यू यॉर्कच्या ज्या वस्तीची ती गोष्ट, तिथले काळे डॉमिनिकन लोक मुख्य भूमिकांत का नाहीत असा सवाल झाला. लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी जाहीर माफी मागितली. तेव्हा ‘हिस्पॅनिक पाच टक्के’ या आकड्याच्याही पोटात शिरून पाहावं लागतं.

मधल्या काळात जुन्या खेळाडूंनी पुन्हा डाव मांडला. जानेवारी 2022 मध्ये तेलेव्हिसाची कार्यक्रम-निर्मिती आणि युनिव्हिजन अधिकृतपणे एक झाले, आणि त्याच वर्षी त्यांनी ‘विक्स’ हे फक्त स्पॅनिश ओटीटी सुरू केलं. साठ वर्षांपूर्वी मेक्सिकोहून उत्तरेला निघालेला माल आता फोनवर येतो.

डिसेंबर 2023 मध्ये नेटफ्लिक्सनं पहिल्यांदा आपली वही उघडली. जानेवारी ते जून 2023 या सहा महिन्यांत अठरा हजारांहून अधिक चित्रपट-मालिकांचे सीझन किती तास पाहिले गेले, याचा तक्ता. मी तो उतरवून घेतला आणि मुलाच्या लॅपटॉपवर उघडला. पहिल्या दहांत ‘ला रेइना देल सूर’चा तिसरा सीझन होता, सुमारे 43 कोटी तास. ही टेलेमुंडोची मालिका, स्पॅनिश. आजूबाजूला बहुतेक इंग्रजी आणि एक कोरियन. मी रकाने वाचत गेले: नाव, जगभर उपलब्ध आहे की नाही, प्रदर्शनाची तारीख, पाहिलेले तास. मग पडदा उजवीकडे सरकवला. पुढं रकाना नव्हता. हे 43 कोटी तास मेक्सिकोत गेले की टेक्सासात, स्पॅनिश घरात की इंग्रजी, ते तिथं लिहिलेलं नाही.